इरवा आणि सरवा : कापूसपट्ट्यातील शेतीविषयक साहित्याचा अन्नदृष्टीने विचार

प्रास्ताविक

मराठीतील ग्रामीण आणि शेतीविषयक साहित्याची समीक्षा संख्येने कमी नाही. आनंद यादव यांचे ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि समस्या’ (१९७९) आणि नागनाथ कोत्तापल्ले यांचे ‘ग्रामीण साहित्य : स्वरूप आणि शोध’ (१९८५) या ग्रंथांपासून ही चर्चा पद्धतशीर सुरू झाली. बोलीचा वापर, बदलते खेडे, कर्जबाजारीपणा, शेतीमालाचा भाव आणि अलीकडच्या काळात शेतकऱ्यांच्या आत्महत्या हे विषय या समीक्षेत वारंवार येतात. मात्र एका साध्या प्रश्नाकडे तिचे फारसे लक्ष गेलेले नाही. ज्या घरात पीक निघते, त्या घरात शिजते काय आणि ते येते कोठून?

औद्योगिक शेतीचे दुष्परिणाम आणि स्थानिक, शाश्वत अन्नाची गरज यांविषयी आज सर्वत्र बोलले जाते. ही चर्चा कृषिशास्त्र, अर्थशास्त्र व आरोग्यशास्त्र यांच्या परिभाषेत चालते. साहित्याची साक्ष तीत क्वचितच काढली जाते. प्रस्तुत लेखात वऱ्हाडी बोलीतील ‘इरवा’ आणि ‘सरवा’ या दोन शब्दांच्या आधारे यवतमाळ जिल्ह्याच्या परिसरातील शेतीवास्तव आणि त्याच्याशी नाते सांगणाऱ्या काही मराठी कलाकृतींचा विचार केला आहे.

दोन शब्द

मुख्य पिकाच्या तासांमध्ये ठरावीक अंतराने पेरलेले दुसरे पीक म्हणजे इरवा. पऱ्हाटीत तूर, ज्वारीत मूग, उडीद वा बरबटी, कोठे अंबाडीची, कोठे तिळाची ओळ, अशी ही पेरणी असे. मुख्य पीक सावकाराकडे अथवा बाजारात जाई. इरव्याचे धान्य बहुधा घरात राही. त्याचे बियाणे जपणे आणि ते पेरणीच्या वेळी बाहेर काढणे हे काम प्रायः घरातील स्त्रीचे असे. यवतमाळचे वऱ्हाडी कवी शंकर बडे यांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘इरवा’ हे नाव दिले. प्रमाण मराठीच्या मुख्य पिकात बोलीचा इरवा, असाही या नावाचा अर्थ लावता येतो.

सरवा हा शब्द शेताच्या मालकाचा नाही. कापणी झाल्यावर शेतात गळून राहिलेले कणीस, शेंग, दाणा म्हणजे सरवा. तो वेचून नेण्याची मुभा भूमिहीनांना असे. सालदार, मजूर, दलित आणि आदिवासी कुटुंबांच्या अन्नात सरव्याला आणि धुऱ्यावरच्या रानभाज्यांना स्थान होते. तरोटा, घोळ, चिवळ, पाथरी, केना या भाज्या कोणी पेरीत नव्हते. यवतमाळच्या केळापूर, झरी-जामणी, मारेगाव या भागांतील कोलाम वस्त्यांच्या आहारात शेताइतकाच रानाचा वाटा होता.

इरवा ही जमीन असणाऱ्यांच्या घरची तजवीज होती, तर सरवा ही जमीन नसणाऱ्यांची. या दोन्ही शब्दांना एकत्र ठेवल्याशिवाय जुन्या शेतीतील अन्नाचे चित्र पुरे होत नाही. केवळ इरव्याचे गुणगान केले, तर गतकाळाचे रम्य चित्र तयार होते. सरवा आठवला, की त्या चित्रातील विषमता दिसू लागते.

कापूस आणि धान्य : ऐतिहासिक संदर्भ

अन्नाची जागा नगदी पिकाने घेणे ही प्रक्रिया संकरित बियाण्यांपासून सुरू झाली असे समजणे चुकीचे ठरेल. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले आणि अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात येथील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. लक्ष्मण सत्या यांनी १८५० ते १९०० या काळातील वऱ्हाडच्या अभ्यासात कापसाचा विस्तार आणि दुष्काळ यांचा संबंध तपशिलाने मांडला आहे. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा ‘वणी’ या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये त्याला सध्याचे नाव मिळाले. पुढे मूर्तिजापूर ते यवतमाळ ही ‘शकुंतला’ नावाने प्रसिद्ध झालेली नॅरोगेज रेल्वे आली, तीही मुख्यतः कापूस वाहून नेण्याच्या गरजेतून.

या प्रक्रियेचे भान मराठी गद्याला लवकर आले होते. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) मध्ये जंगलखात्याने गायराने व डोंगर बंद केल्यामुळे पालापाचोळ्याचे व शेणाचे सत्त्व शेतात येणे थांबले, असे दाखवून दिले आणि पाणी व माती अडवण्यासाठी ताली बांधण्याचा उपाय सुचवला. मातीचा कस, जनावरांचा चारा आणि शेतकऱ्याचे पोट ही एकच साखळी आहे, हे फुल्यांनी जाणले होते. नंतरच्या शेतीविषयक लेखनाने फुल्यांकडून शोषणाचे विश्लेषण घेतले. मातीविषयीचा विचार मात्र मागे राहिला.

स्वातंत्र्यानंतर पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते. संकरित ज्वारीचा प्रसार याच काळात झाला. १९७२ च्या दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर धान्याचे उत्पादन वाढवणे ही निकड होती, हे विसरून चालणार नाही. पुढे सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने आटले. रानडुकरांचा व पाखरांचा त्रास, मजुरीचा खर्च आणि स्वस्त धान्य दुकानातील गहू-तांदूळ ही कारणेही त्यामागे होती. ज्वारी गेली तेव्हा भाकरीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे गेली आणि जनावरांबरोबर शेणखत गेले. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाल्यावर दर वर्षी विकत घ्यावयाचे संकरित बियाणे हाच नियम झाला. या बियाण्याच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत शेताच्या कडेने लावण्यासाठी १२० ग्रॅम बिगर-बीटी बियाणे दिले जाई. बोंडअळीत प्रतिकारशक्ती येऊ नये म्हणून ही योजना होती. वेगळ्या ओळीचे महत्त्व आधुनिक विज्ञानालाही पटले होते. परंतु ती ओळ आता घरच्या अन्नासाठी नव्हती आणि अनेक शेतांत ती लावलीही गेली नाही. तुरीचे तास आजही कपाशीत दिसतात. पण त्यातील बरीचशी तूर बाजाराच्या वाटेने जाते.

कलाकृतींची साक्ष

उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) ही कादंबरी वऱ्हाडी जीवनाचे अस्सल दर्शन म्हणून गौरवली गेली. तिची चर्चा प्रामुख्याने कौतिकच्या सोशिक व्यक्तिरेखेच्या आणि बोलीच्या अंगाने झाली. अन्नदृष्टीने पाहता ‘धग’ ही इरवा नसलेल्या घराची कथा आहे. कौतिकच्या घराला शेताचा आधार नाही. दिवसाच्या मजुरीवर दिवसाची चूल अवलंबून आहे. कापसाच्या सुबत्तेच्या प्रदेशात चूल विझत राहते, ही कादंबरीतील सर्वांत मोठी विसंगती आहे. कौतिकच्या सोसण्याला केवळ शोकात्म स्वभावचित्रण मानल्याने ती विसंगती झाकली गेली.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (२००२) या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीत बुलडाणा परिसरातील शेतकरी कुटुंबाची पडझड येते. शिकूनही नोकरी न मिळालेला एकनाथ आणि शेतीच्या घरात मन न रमणारी अलका यांच्या संसारावर वाढत्या उत्पादनखर्चाचे सावट आहे. समीक्षेने त्यात कर्ज, बेकारी आणि जागतिकीकरण वाचले. ते योग्यच आहे. तथापि बियाणे, खत, औषध यांपैकी काहीही घरचे न उरलेल्या शेतीत घरातील स्त्रीचे स्थान कसे बदलते, हा प्रश्नही या कादंबरीसमोर ठेवावयास हवा होता. बियाणे जपणारी स्त्री ही शेतीच्या निर्णयातील भागीदार होती. बियाणे कृषी सेवा केंद्रातून येऊ लागल्यावर तिच्याकडे श्रम राहिले, निर्णय राहिला नाही. अलकेच्या मनातील दुराव्याकडे केवळ शहराची ओढ म्हणून पाहणे त्यामुळे अपुरे ठरते.

विदर्भाबाहेरील एका कथेचा येथे उल्लेख आवश्यक वाटतो. मराठवाड्याचे कथाकार भास्कर चंदनशिव यांच्या ‘लाल चिखल’ या कथेत बाजारात विकायला नेलेले टोमॅटो कवडीमोल ठरतात आणि उद्विग्न शेतकरी ते पायाखाली तुडवतो. ही कथा भावाच्या प्रश्नाचे प्रतीक ठरली. परंतु पिकाचे मोल बाजारातच ठरणार असेल, तर भाव नसलेल्या दिवशी ते अन्नही उरत नाही, हा तिचा दुसरा आणि अधिक भेदक अर्थ आहे.

सरव्याची साक्ष दलित साहित्याने दिली. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) पासून अन्न हा दलित आत्मकथनांचा केंद्रीय अनुभव राहिला आहे. शाहू पाटोळे यांच्या ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या ग्रंथाने मराठवाड्यातील दलित समाजाच्या खाद्यसंस्कृतीची पाककृतींसह नोंद केली. ‘पूर्णब्रह्म’ या रूढ कल्पनेला शीर्षकातच आव्हान देणारा हा ग्रंथ स्थानिक अन्नाचा विचार करणाऱ्यांनी प्रथम वाचावयास हवा. स्थानिक अन्न म्हणजे कोणाचे अन्न, हा प्रश्न तो विचारतो.

‘विषमुक्त अन्न’ या कल्पनेची चिकित्सा

शाश्वत शेतीविषयीचे मराठी लेखन गेल्या दोन-तीन दशकांत वाढले आहे. श्री. अ. दाभोलकरांचा प्रयोग परिवार, वर्ध्यातील चेतना-विकास व धरामित्र या संस्थांचे काम, अमरावती जिल्ह्यातील सुभाष पाळेकर यांची नैसर्गिक शेती आणि यवतमाळजवळ अनेक वर्षे रसायनांविना शेती करणारे, २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झालेले सुभाष शर्मा, ही या विचाराची महाराष्ट्रातील ठळक नावे होत. या प्रयोगांचे मोल निर्विवाद आहे. परंतु त्यांच्याभोवती जी प्रचाराची भाषा तयार झाली, तिची चिकित्सा व्हावयास हवी. ‘विषमुक्त अन्न’ हा त्या भाषेतील परवलीचा शब्द.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसच्या आसपास माणसे दगावली. याच हंगामात गुलाबी बोंडअळीनेही पिकाचे मोठे नुकसान केले. या माणसांच्या शरीरात विष अन्नातून गेले नव्हते, तर श्रमातून गेले होते. ‘विषमुक्त अन्न’ या शब्दप्रयोगाच्या केंद्रस्थानी खाणारा ग्राहक आहे, बहुधा शहरी. पाठीवर पंप घेऊन उंच वाढलेल्या पऱ्हाटीत शिरणारा मजूर त्यात कोठेच नाही. शाश्वततेची जी कल्पना ताटापासून सुरू होते आणि ताटापाशीच संपते, ती यवतमाळच्या वास्तवाला अपुरी पडते.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही गंभीरपणे घ्यावा लागतो. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, अशी शेतकरी संघटनेची भूमिका आहे. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे तणनाशक-सहनशील कापसाचे अनधिकृत बियाणे जाहीरपणे पेरून तिने सविनय कायदेभंग केला. निंदणाचा खर्च परवडत नाही आणि मजूर मिळत नाहीत, या तक्रारीत तथ्य आहे. ज्याने हा खर्च कधी सोसला नाही त्याने शेतकऱ्याला परंपरेचे उपदेश करू नयेत, हेही खरे. परंतु उभ्या पिकावर तणनाशक फवारले, की तासांमधली मुगाची ओळ, धुऱ्यावरची भाजी आणि निंदणाऱ्या बाईची मजुरी या तिन्ही गोष्टी एकदम जातात. इरवा आणि सरवा दोन्ही एकाच फवारणीत संपतात. शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याचा हिशेब करताना या बाईचे नाव कोणत्या रकान्यात लिहावयाचे, हे त्या युक्तिवादात स्पष्ट होत नाही.

विशेष म्हणजे शरद जोशी यांच्या विचारात या प्रश्नाला जागा होती. १९९१ च्या सुमारास त्यांनी मांडलेल्या ‘चतुरंग शेती’त व्यापारी व निर्यात शेतीबरोबर ‘सीताशेती’ आणि ‘माजघर शेती’ ही दोन अंगे होती. बाहेरच्या निविष्ठा टाळून घरच्या स्त्रीच्या देखरेखीखाली होणारी शेती हा सीताशेतीचा आशय. बाजाराचा खंदा पुरस्कर्ता असलेल्या विचारवंतालाही घरच्या अन्नाची स्वतंत्र ओळ आवश्यक वाटली. त्यांच्या अनुयायांनी आणि टीकाकारांनीही चारांपैकी बाजाराचीच अंगे अधिक लक्षात ठेवली.

निष्कर्ष

जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन वैशाली येडे यांनी केले. श्याम पेठकर लिखित, हरीश इथापे दिग्दर्शित ‘तेरवं’ या नाटकात शेतकरी कुटुंबांतील एकल स्त्रियांसमवेत त्यांनीही काम केले होते. साहित्याच्या व्यासपीठाने शेतकरी स्त्रीला दुःखाची साक्षीदार म्हणून मान दिला, ही गोष्ट महत्त्वाचीच. पण ती बियाण्याची, मातीची आणि अन्नाचीही जाणकार आहे, तिला त्या नात्याने ऐकून घेण्याचे काम अद्याप बाकी आहे.

या विवेचनातून तीन गोष्टी हाती येतात. शेतीविषयक साहित्याच्या समीक्षेने भाव आणि कर्ज यांच्या जोडीने अन्न हा निकष स्वीकारला, तर ‘धग’, ‘बारोमास’ यांसारख्या परिचित कलाकृतींचे नवे अर्थ खुले होतात. ग्रामीण व दलित साहित्य यांची अभ्यासक्रमात केलेली विभागणी अन्नाच्या प्रश्नावर टिकत नाही. इरवा आणि सरवा एकाच शेतातले आहेत. आणि शाश्वत शेतीची जी भाषा श्रमाला व जातीला वगळते, ती कितीही शुद्ध असली तरी अपुरी आहे.

आपल्या वर्गांत बसणारे विद्यार्थी बहुसंख्येने कापूस-सोयाबीनच्या घरांतून येतात. ‘इरवा’ हा शब्द त्यांच्यापैकी अनेकांना आजीच्या तोंडून ऐकल्याचे आठवते, शेतात पाहिल्याचे आठवत नाही. बोलीतील असे शब्द, त्यांच्याशी निगडित बियाणे आणि पदार्थ यांची नोंद मराठी, गृहअर्थशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन केली, तर तो आंतरविद्याशाखीय संशोधनाचा उपयुक्त प्रकल्प ठरेल. ते शब्द ज्यांच्या जिभेवर आहेत त्या पिढीचे वय पाहता, हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही.