शेतीसंकट आणि मराठ्यांचा उठाव : प्रा. इरफान हबीब यांच्या सिद्धान्ताचे एक परीक्षण

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर (१७०७) अर्धशतकाच्या आत मोगल साम्राज्य नाममात्र का उरले, या प्रश्नाचे उत्तर दीर्घकाळ बादशहाच्या स्वभावात, त्याच्या धर्मधोरणात व उमरावांच्या अधःपातात शोधले जात असे. या चर्चेत शेतकरी फारसा दिसत नसे. दिसला तरी लढाईच्या वाटेवर तुडवले गेलेले शेत एवढ्याच रूपाने. ही दृष्टी पालटण्याचे श्रेय अलीगढचे अर्थेतिहासकार प्रा. इरफान हबीब यांच्या 'दि अ‍ॅग्रेरियन सिस्टिम ऑफ मुघल इंडिया' या ग्रंथाला द्यावे लागते. १९६३ साली मुंबईच्या एशिया पब्लिशिंग हाऊसने हा ग्रंथ प्रसिद्ध केला व १९९९ साली त्याची सुधारित आवृत्ती निघाली. मोरलंड यांच्या १९२९ च्या ग्रंथानंतर या विषयावर इतके भक्कम काम झाले नव्हते. ग्रंथाच्या अखेरच्या प्रकरणात मोगल साम्राज्याच्या शेतीसंकटाविषयी जो सिद्धान्त मांडला आहे, त्याची दक्षिणेपुरती तपासणी करणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा सिद्धान्त आपल्या प्रांताच्या इतिहासाला थेट भिडतो. म्हणून तो नुसता उद्धृत करून पुढे जाणे आपल्याला शोभणारे नाही.

प्रथम ग्रंथकाराचे म्हणणे त्याच्याच बाजूने नीट मांडले पाहिजे. साम्राज्याचा डोलारा मनसबदारांच्या फौजेवर उभा होता व त्या फौजेचा खर्च जहागिरींच्या वसुलातून भागत असे. एका हाती जहागीर फार काळ राहू नये, म्हणून तीन-चार वर्षांनी तिची बदली होई. बादशाही सत्तेच्या ऐक्याला ही बदली आवश्यक होती. परंतु तिच्याच पोटी संकटाचे बीज होते. जी जहागीर उद्या दुसऱ्याची होणार, तिच्यातील विहिरी, बैलबारदाना व नवी लावणी यांची चिंता आजचा जहागीरदार कशाला करील? त्याचा ओढा हाती असलेल्या काळात जास्तीत जास्त वसूल उचलण्याकडे असे. औरंगजेबाच्या काळी उत्पन्नाचा अर्धा हिस्सा ही साऱ्याची मान्य मर्यादा होती. प्रत्यक्षात ती ओलांडली जाई. रयतेच्या हाती जगण्यापुरतेही राहिनासे झाले, म्हणजे ती परागंदा होई. गावे ओस पडत व उरलेल्यांवरचा भार वाढे. असे सैरभैर झालेले शेतकरी अखेर बंडखोर जमीनदारांच्या आश्रयास जात. १६६९ साली मथुरेकडे गोकुळाच्या नेतृत्वाखाली झालेला जाटांचा उठाव, १६७२ चा नारनौळचा सतनामी उठाव, शिखांचा संघर्ष आणि मराठ्यांचा उत्कर्ष ही सर्व या एकाच प्रक्रियेची रूपे होत, असे ग्रंथकाराला वाटते. जातीचे व पंथाचे बंध या उठावांना बळ देत, पण त्यांची दिशाही तेच ठरवीत. त्यामुळे साम्राज्य कोसळले तरी त्याच्या जागी नवी व्यवस्था उभी राहिली नाही, असा त्याचा निष्कर्ष आहे.

या मांडणीचे सामर्थ्य उघड आहे. तिने राज्यसंस्थेच्या बळाचे व तिच्या नाशाचे कारण एकाच यंत्रणेत दाखवले. दक्षिणेपुरता तिचा मुख्य आधार म्हणजे भीमसेन सक्सेना याची फारसी बखर. बुऱ्हाणपूरचा हा कायस्थ दलपतराव बुंदेल्याच्या पदरी होता व औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमा त्याने डोळ्यांनी पाहिल्या होत्या. उद्या जहागीर राहील की जाईल या अनिश्चिततेमुळे जहागीरदारांचे गुमास्ते रयतेवर जुलूम करतात, शेते पडीक पडतात, आणि शेतकरी घोडे व हत्यारे मिळवून मराठ्यांत सामील होतात, असे तो सांगतो. शत्रुपक्षातील, तेही जहागिरीच्या कारभाराशी निकट संबंध असलेल्या माणसाची ही साक्ष सहज बाजूला सारता येणार नाही.

परंतु या साक्षीचा काळ कोणता, हा प्रश्न विचारताच पहिली अडचण उभी राहते. भीमसेनाचे हे निरीक्षण औरंगजेबाच्या दक्षिणेतील दीर्घ युद्धाच्या काळाचे आहे. विजापूर १६८६ साली व गोवळकोंडा १६८७ साली पडले. जहागिरींची मागणी व त्यांचा प्रत्यक्ष वसूल यांचा मेळ त्यानंतर अधिकाधिक बिघडत गेला. मराठ्यांच्या राज्याचा आरंभ मात्र यापूर्वी चार दशकांचा, आणि तोही मोगल मुलखात नव्हे. पुणे, सुपे व मावळ हा प्रदेश १६३६ च्या तहानंतर आदिलशाहीकडे होता. तेथे मोकासे होते. पण ठरावीक मुदतीने बदलणाऱ्या मोगल जहागिरीची पद्धत नव्हती. शहाजीराजांकडे पुणे प्रांताचा मोकासा दीर्घकाळ होता. १६३०–३२ चा दुष्काळ व निजामशाहीच्या अखेरच्या लढाया यांनी उजाड झालेल्या या मुलखात पुढे दादोजी कोंडदेवाच्या कारभारात कौल देऊन, चढत्या दराच्या सवलतींनी, जमीन लावणीस आणली गेली. म्हणजे स्वराज्याची पहिली भूमी ही पिळून काढलेल्या जहागिरीची नसून नव्याने वसवल्या जाणाऱ्या मुलखाची होती. ज्या यंत्रणेने संकट निर्माण केले असे ग्रंथकार म्हणतो, ती यंत्रणा ज्या ठिकाणी नव्हती तेथेच या उठावाचा उगम झाला, ही गोष्ट सिद्धान्ताच्या दृष्टीने किरकोळ नव्हे.

दुसरी अडचण नेतृत्वाची. जमीनदार हा शब्द मोगल कागदांत फार व्यापक अर्थाने येतो व देशमुख-देशपांडेही त्यात मोडतात. पण आपल्याकडील वतनदार कोणत्या कारणाने कोणाच्या बाजूस गेला, हे साऱ्याच्या दरावरून कळत नाही. १६५९ साली अफजलखान चालून आला तेव्हा रोहिडखोऱ्याचे कान्होजी जेधे शिवाजीमहाराजांच्या पाठीशी उभे राहिले, तर शेजारचे उत्रौळीचे खंडोजी खोपडे खानास मिळाले. दोघेही देशमुख, दोघेही त्याच आदिलशाही अमलाखालचे. त्यांच्या निर्णयातील फरक वतनाच्या तंट्यांत, भाऊबंदकीत व राजाशी असलेल्या नात्यात शोधावा लागतो. शेतीसंकटाचा सिद्धान्त हा फरक पाहू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने जमीनदार हा एकच वर्ग आहे.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची वाटते. या उठावात शेतकऱ्याच्या पदरात काय पडले? येथे मराठी साधने बोलकी आहेत. राजारामाच्या कारकीर्दीत लिहिलेली सभासदाची बखर सांगते की, शिवाजीमहाराजांनी देशमुखांचे वाडे-हुडे पाडले, त्यांचे हक्क नेमून दिले व रयतेवरील त्यांची मनमानी मोडली. १६७३ च्या मे महिन्यात चिपळूणच्या छावणीतील जुमलेदार-हवालदारांस लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रात महाराज बजावतात की, कुणब्याकडील दाणा वा भाजीपाला जबरीने घेऊ नये. तसे झाले तर त्याला आपल्यापेक्षा मोगलच बरे वाटू लागतील. हे पत्र आपण बहुधा राजाच्या करुणेचा दाखला म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेही. परंतु अर्थेतिहासाच्या दृष्टीने त्यातील दुसरी बाब अधिक मोलाची आहे : कुणब्याच्या लेखी फौज कोणाची यापेक्षा ती काय उचलून नेते हे महत्त्वाचे आहे, याची पक्की जाणीव राज्यकर्त्यालाच होती. ज्याला उठावाचा नायक म्हणावे, तोच आपल्या सैन्याला सांगत आहे की रयतेची निष्ठा गृहीत धरू नका.

१६८९ नंतर हे चित्र पालटले. संभाजीमहाराजांचा वध झाला, रायगड पडला व राजाराम जिंजीस गेला. त्या संकटात सरदार व देशमुख धरून ठेवण्यासाठी वतने व इनामे यांच्या सनदा सढळ हाताने दिल्या गेल्या. मोगलांकडूनही त्याच वतनदारांना तशीच आमिषे येत होती. वतनदारांवर बसवलेला अंकुश राज्य टिकवण्यासाठीच सैल करावा लागला. वतनदार म्हणजे लहान लहान राजेच, अशी जी चिंता आज्ञापत्रात व्यक्त झाली आहे, तिच्यामागे हा अनुभव होता. पुढे १७१९ साली दक्षिणेच्या सहा सुभ्यांवर चौथाई व सरदेशमुखी यांचे हक्क बादशाही फर्मानांनी मान्य झाले. एक-चतुर्थांश आणि एक-दशांश या रकमांचा भार अखेर नांगरधारकावरच होता. मराठ्यांच्या विजयाने शेतकरी मुक्त झाला नाही, हे ग्रंथकारही मान्य करतो. मग त्या विजयाला शेतकऱ्यांच्या संकटाचे अपत्य म्हणताना एक पायरी गाळली जाते : नांगर सोडणारा माणूस बंडखोर होता, की नोकरी शोधणारा शिपाई? दुष्काळाने व लुटीने उघड्यावर पडलेल्या माणसाला भाल्याची नोकरी हा पोटाचा मार्ग असू शकतो. त्याला उठाव म्हणायचे तर त्यासाठी वेगळा पुरावा हवा.

ग्रंथकारानंतरच्या संशोधकांनी या सिद्धान्तावर अनेक बाजूंनी आघात केले. जॉन रिचर्ड्स यांनी गोवळकोंड्याच्या कारभाराच्या अभ्यासातून (१९७५) दाखवले की, दक्षिणेत जहागिरींचा तुटवडा सरसकट नव्हता. स्थानिक लढवय्या वर्गाला सामावून घेण्यात बादशाही राजकारण अपयशी ठरले. मुजफ्फर आलम यांनी १९८६ साली अवध व पंजाब यांविषयी लिहिताना जमीनदारांच्या उठावांमागे दैन्यापेक्षा वाढत्या संपन्नतेचा हात दाखवला. त्याच वर्षी आंद्रे विंक यांनी मराठ्यांच्या उत्कर्षाचा अर्थ 'फितवा' या कल्पनेच्या आधारे लावला : स्थानिक सत्ताधाऱ्यांना फोडणे व जोडणे ही राज्य उभारण्याची नेहमीचीच रीत होती. अठराव्या शतकात नवी व्यवस्था उभीच राहिली नाही, हा निष्कर्षही आता टिकत नाही. माळव्यातील मराठी कारभारावरील स्टुअर्ट गॉर्डन यांचे काम आणि पेशवाईतील कमाल आकारणी, इस्ताव्याचे कौल व तगाई यांचे कागद त्याच्या विरुद्ध साक्ष देतात.

तथापि या टीकाकारांच्या मागे डोळे मिटून जाणेही योग्य होणार नाही. फितव्याच्या मांडणीत वतनदार, सरदार व राजा यांचा खेळ स्पष्ट दिसतो, पण त्या खेळाचा खर्च कोण भरतो हे दिसेनासे होते. संपन्नतेच्या मांडणीतही वाढलेला वसूल दिसतो. तो देणाऱ्याच्या घरी काय उरले ते दिसत नाही. हबीब यांच्या ग्रंथात उणिवा असतील, पण शेतकरी त्यांच्या नजरेआड होत नाही. त्यांचा प्रश्न बरोबर होता. दक्षिणेपुरते त्यांचे उत्तर अपुरे राहिले, कारण ते मुख्यतः फारसी साधनांवर उभे आहे, आणि फारसी कागद परगण्याच्या खाली फार क्वचित उतरतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, शेतीसंकटाचा सिद्धान्त दक्षिणेत दोन टप्प्यांत विभागून वापरावा. १६८० पूर्वीच्या मराठी राज्याच्या उभारणीला तो लागू पडत नाही. तेथे वतनव्यवस्थेचा व मुलूख वसवण्याच्या धोरणाचा विचार प्रधान ठरतो. १६८९ नंतरच्या युद्धात मराठी फौजा कशा फुगत गेल्या, हे समजण्यास मात्र तो आजही उपयुक्त आहे. सिद्धान्त टाकून देण्यापेक्षा त्याची हद्द आखणे हेच त्याच्या योग्यतेला साजेसे आहे.

हे काम पुढे नेण्याची जबाबदारी प्रामुख्याने मोडी वाचू शकणाऱ्यांवर येते. राजवाड्यांनी १८९८ पासून प्रसिद्ध केलेली साधने, वतनांचे महजर, गावांच्या झडत्या, कौलनामे आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल यांत मिरासदार व उपरी यांच्यातील भेद सापडतो. गाव सोडून कोण गेले, किती वर्षांनी परतले व कोणत्या कौलावर परतले, हे त्यांत तपासता येते. मिरासदार जमिनीवरचा हक्क राखून गाव सोडतो, उपरी काहीच मागे न ठेवता जातो. दोघांचे परागंदा होणे सारखे नव्हे. आपल्याकडे एका बाजूला प्रत्येक मावळ्याला स्वराज्याच्या ध्येयाने पेटलेला मानण्याची सवय आहे, तर दुसऱ्या बाजूला प्रत्येक उठावाला आर्थिक शोषणाचे सूत्र लावण्याची. दोन्ही सवयींत त्या माणसाला विचारल्याशिवाय त्याच्या वतीने बोलले जाते. त्याचे स्वतःचे शब्द कागदावर फारसे उरलेले नाहीत. परंतु त्याने भरलेला सारा, सोडलेली जमीन आणि मागितलेला कौल यांच्या नोंदी उरल्या आहेत. हबीब यांनी उभा केलेला प्रश्न त्या नोंदींच्या कसोटीवर गावोगाव घासून पाहणे, हेच त्यांच्या ग्रंथाचे खरे परीक्षण ठरेल.