काळजी मोजायची कशी?

वर्ध्याला शिक्षकांच्या एका बैठकीत एका बाईंनी घडी घातलेला कागद पुढे केला. त्यावर नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप लागली नाही, भूक मंदावली, थकवा वाटला, कशात मन लागलं नाही, असं किती दिवस झालं? ‘मुळीच नाही’ला ० गुण, ‘जवळजवळ रोज’ला ३. बाईंनी हे प्रश्न नववीच्या वर्गाला दिले होते आणि काही मुलांची बेरीज दहाच्या वर गेली होती. त्यांनी विचारलं, “सर, म्हणजे ही मुलं आजारी आहेत का?”

या प्रश्नावलीचं नाव पीएचक्यू-९. अमेरिकेत तयार झालेली ही प्रश्नावली २००१ साली प्रसिद्ध झाली आणि आज जगभर वापरली जाते. एकूण गुण २७. दहा किंवा त्याहून अधिक गुण आले तर नैराश्य असण्याची शक्यता धरून पुढची तपासणी करावी, असा संकेत आहे. म्हणजे ही चाळणी आहे. धान्य चाळलं की काम संपत नाही, नंतर सुपात घेऊन निवडावं लागतं. इथे निवडण्याचं काम माणसाशी सविस्तर बोलून तज्ज्ञ करतात.

पण चाळणीची भोकं तरी आपल्या धान्याच्या मापाची आहेत का? आपल्या भागातला शेतकरी रब्बीत झोपत नाही, कारण पंपाची वीज रात्री येते. पीक उभं असताना रानडुकरांमुळे त्याला जागलीला जावं लागतं. कापूस वेचणाऱ्या बाईला रोज थकवा येतो. हे सगळे गुण बेरजेत जातात. झोप का लागली नाही, हे कागद विचारत नाही.

हा मुद्दा मनात ठेवून विदर्भातली तीन संशोधनं पाहू.

पहिलं ‘विश्राम’ या कार्यक्रमाचं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत तो राबवला गेला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या नियतकालिकात आले. गावातल्याच कार्यकर्त्यांना प्रशिक्षण दिलं, समुपदेशक नेमले, गरजेप्रमाणे मानसोपचारतज्ज्ञांची मदत घेतली. नैराश्याची लक्षणं असलेल्यांपैकी उपचारांपर्यंत पोचणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं. १८ महिन्यांनी ते २७.२ टक्के झालं. हे यश मोठं आहे. गावात दुसरी सोय नसताना प्रमाण सहापट होतं, ते योगायोगाने होत नाही.

याच अभ्यासात नैराश्याचं प्रमाणही काहीसं घटलेलं दिसलं. तिथे मात्र मी थांबतो. मापन पीएचक्यू-९ने झालं होतं आणि कार्यक्रम नसलेली गावं तुलनेला घेतलेली नव्हती. पाऊस, पीक आणि कापसाचा भाव दोन्ही वेळी सारखे नसतात. घट कार्यक्रमामुळे की बऱ्या हंगामामुळे, हे अशा रचनेतून सांगता येत नाही. खताचा परिणाम पाहताना आपण बिनखताचा वाफा ठेवतो. तो वाफा इथे नाही.

दुसरं संशोधन आपल्या जिल्ह्यातलं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतल्या अमोल डोंगरे आणि प्रदीप देशमुख यांनी आंजी परिसरातल्या गावांमध्ये ते केलं. ते २०१२ साली प्रसिद्ध झालं. शेतकरी आत्महत्या का करतात, असं त्यांनी शेतकऱ्यांनाच विचारलं. छापील प्रश्नावली दिली नाही. आधी लोकांना सुचतील ती कारणं सांगू दिली, मग जी कारणं एकमेकांजवळची वाटतात त्यांचे गट त्यांच्याकडूनच करून घेतले. कर्ज, व्यसन, शेतमालाचा कमी भाव, सिंचनाचा अभाव, खाजगी सावकार, नापिकी आणि कुटुंबाच्या जबाबदाऱ्या यांच्या रांगेतच ‘ताण’ येऊन बसला.

या अभ्यासाचं मोल इथे आहे. ताण म्हणजे डोक्यातली सुटी वस्तू नव्हे, तो कर्जाला आणि भावाला बांधलेला आहे, हे लोकांनीच मांडून दाखवलं. मर्यादाही स्पष्ट आहे. लोकांना वाटणारं कारण आणि खरं कारण एकच असेल असं नाही. कर्ज तर असंख्य घरांत आहे आणि त्यांतली बहुतेक माणसं जगतात, झुंजतात. मग फरक कशाने पडतो?

हा प्रश्न तिसऱ्या अभ्यासाने घेतला होता, तोही आधीच. मुंबईच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेतले अर्थशास्त्रज्ञ श्रीजित मिश्रा यांनी २००६ साली वर्धा, वाशीम आणि यवतमाळ जिल्ह्यांतली आत्महत्या झालेली आणि न झालेली, अशी दोन्हीकडची शंभराहून अधिक घरं ताडून पाहिली. इथे बिनखताचा वाफा होता. पण हे पाहणारा डोळा अर्थशास्त्राचा. कर्जाची रक्कम मोजता येते. माणूस गेल्यावर त्याचं मन नंतर घरच्यांच्या सांगण्यातूनच कळतं.

म्हणजे एकाकडे मनाचं माप आहे पण तुलना नाही, दुसऱ्याकडे लोकांचे शब्द आहेत पण तुलना नाही, तिसऱ्याकडे तुलना आहे पण मनाचं माप नाही. तिन्ही एकत्र वाचली तरच चित्र पुरं व्हायला लागतं. एकट्या आकड्यावर विसंबलो तर दोन चुका होतात. परिस्थितीने आलेली रास्त काळजी आपण आजार ठरवतो. किंवा ‘कर्ज फिटलं की होईल बरं’ म्हणत खऱ्या आजाराकडे पाठ फिरवतो. दुसरी चूक जास्त महाग पडते. नैराश्य हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि कर्ज असलेल्या माणसालाही तो होतो.

बाईंना मी सांगितलं, ती बेरीज वर्गात कुणाला कळू देऊ नका, कुणावर शिक्का मारू नका. पण कागद फेकूनही देऊ नका. गुण जास्त आलेल्या प्रत्येक मुलाशी एकेकट्याने बोला. झोप का लागत नाही, घरी काय चाललंय, असं कधीपासून आहे, हे विचारा. कारण सरलं तरी उदासी सरत नसेल, अभ्यास आणि खेळ दोन्ही सुटले असतील, किंवा जगणं नकोसं झाल्याचं मूल बोललं असेल, तर पालकांना सोबत घेऊन मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. जिवाचं बोलणं असेल तर त्याच दिवशी. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करूनही मोफत सल्ला मिळतो.

आणि पुढच्या वेळी प्रश्नावलीऐवजी आंजीची रीत वापरून पाहा. कोऱ्या चिठ्ठ्या द्या, नाव न घालता ‘मुलांना कशाकशाचा घोर लागतो’ ते लिहू द्या, मग मुलांनाच चिठ्ठ्यांचे गट करू द्या. निदान होणार नाही, ते आपलं कामही नाही. पण आपल्या वर्गाची काळजी कोणत्या शब्दांत बोलते, ते कळेल.