पायपीट आणि तयारी

मराठी नियतकालिकांतून खेळाडूंविषयीं जें लिहिलें जातें त्याचा सांचा आतां इतका पक्का झाला आहे कीं, नांवाची व गांवाची जागा मोकळी ठेवून तो आगाऊ छापून ठेविला तरी चालेल. प्रथम कुडाचें घर, मग अनवाणी पाय, मग शाळेची दूरची वाट, मग आईच्या डोळ्यांतील पाणी, आणि शेवटीं पदक. मधल्या आठदहा वर्षांत त्या मुलाच्या शरीराचें काय झालें, तें कोणीं केलें व कोणत्या रीतीनें केलें, याविषयीं आमचे लेखक मौन पाळतात. आम्ही येथें कोणा एका लेखाचें परीक्षण करीत नाहीं. एका लेखनप्रकाराचें करीत आहों. उदाहरणादाखल बीड जिल्हा घेतों, कारण गेल्या कांहीं वर्षांत या जिल्ह्यानें दोन असे पुरुष दिले कीं ज्यांच्याविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आणि फार थोडें सांगितलें गेलें.

अविनाश साबळे हे आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवचे, जन्म १९९४ चा. आईवडील शेती करणारे आणि वीटभट्टीवर राबणारे. शाळा सुमारें सहा किलोमीटर दूर, व ती वाट मुलगा पुष्कळदां धांवतच कापी. हें सर्व खरें आहे आणि सांगण्याजोगेंही आहे. आमची तक्रार एवढीच कीं, येवढा मजकूर लेखाचे बारा आणे खातो आणि उरलेल्या चार आण्यांत नायक एकदम बर्मिंगहॅमला जाऊन पोंचतो. मध्यें काय घडलें? बारावीनंतर ते महार रेजिमेंटच्या पांचव्या पलटणींत शिपाई झाले. सियाचीन, राजस्थान, सिक्कीम अशा नेमणुका झाल्या. २०१५ सालीं ते लष्करांतील क्रॉसकंट्री शर्यतींत उतरले. २०१७ सालीं लष्कराचे प्रशिक्षक अमरीश कुमार यांनीं त्यांस स्टीपलचेसकडे, म्हणजे तीन हजार मीटरच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे, वळविलें. पुढच्याच वर्षीं भुवनेश्वरास त्यांनीं ८ मिनिटें २९.८० सेकंद ही वेळ नोंदवून गोपाल सैनी यांचा १९८१ पासून अबाधित असलेला ८ मिनिटें ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत ८ मिनिटें ११.२० सेकंद आणि रौप्यपदक. सुवर्ण हुकलें तें एका सेकंदाच्या विसाव्या भागानें. १९९८ पासून या शर्यतीचें एकही पदक केनियाबाहेर गेलेलें नव्हतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे त्या रौप्याचें मोल कळेल. पुढें २०२३ मध्यें हांगचौ येथील आशियाई स्पर्धेंत सुवर्ण, आणि जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें ८ मिनिटें ९.९१ सेकंद.

२०१८ ते २०२४ या सहा वर्षांत, म्हणजे, सुमारें वीस सेकंद कमी झाले. मांडव्याच्या शाळेची वाट या सहा वर्षांत कांहीं लांबली नव्हती. मग हे वीस सेकंद आले कोठून? आमच्या मतें साबळ्यांचें खरें चरित्र तें या वीस सेकंदांचें चरित्र, आणि तें मराठींत अद्यापि आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं.

तें लिहावयाचें तर लेखकाला प्रथम ती शर्यत समजून घ्यावी लागेल. तीन हजार मीटरांत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याचे खड्डे, मिळून पस्तीस उड्या. पुरुषांच्या अडथळ्याची उंची ९१.४ सेंटिमीटर; आणि हा अडथळा साध्या हर्डल्ससारखा धक्क्यानें आडवा होत नाहीं, तो जागच्या जागीं उभा राहतो व आपटतो तो धांवणाराच. पाण्याच्या खड्ड्यापाशीं धांवणारा बहुधा अडथळ्याच्या माथ्यावर एक पाय ठेवून पुढें झेप घेतो आणि पलीकडे एकाच पायावर उतरतो. त्या क्षणीं त्या एका गुडघ्यावर, घोट्यावर व कमरेवर देहाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो. आणि हें सात वेळां, दर वेळीं पहिल्याहून अधिक दमलेल्या पायांनीं. केवळ दमसांस येथें पुरत नाहीं; उतरतांना न कोसळणारा आणि उतरतांक्षणींच पुन्हां वेग धरणारा पाय लागतो. हा पाय रस्त्यावर धांवून तयार होत नाहीं. तो बार खांद्यावर घेऊन केलेल्या बैठकांनीं, एका पायावरच्या व्यायामांनीं, मोजक्या उड्यांनीं, आणि पोट व पाठ यांच्या पद्धतशीर मेहनतीनें तयार करावा लागतो. हें काम करून घेणारास हल्लीं स्ट्रेंग्थ अँड कंडिशनिंग कोच म्हणतात. नांव लांबलचक आहे. मराठींत ‘तयारी करून घेणारा’ म्हटलें तरी अर्थ पुरा होतो.

लांब पल्ल्याच्या धांवणारानें वजनें उचललीं तर तो जड होतो, असा समज आपल्याकडे अजून आहे. वस्तुस्थिति वेगळी आहे. भारी वजन, थोड्या आवृत्त्या आणि मध्यें पुरेशी विश्रांति, अशा रीतीनें केलेल्या व्यायामानें लांब धांवणाराचे स्नायू फारसे फुगत नाहींत. मज्जातंतू अधिक स्नायुतंतूंना एकदम कामाला लावण्यास शिकतात, टांचेवरचा कंडरा ताठ स्प्रिंगसारखा होतो, आणि त्याच वेगासाठीं पूर्वीपेक्षां कमी प्राणवायु खर्च होतो. प्रत्येक पावलास लागणारें बळ जर एकूण बळाचा लहानसा हिस्सा ठरलें, तर शेवटच्या फेरीसाठीं कांहीं शिल्लक राहतें. शर्यतीचा निकाल बहुधा शेवटच्या फेरींतच लागतो.

येथें आमच्या लेखनप्रकाराचा मुख्य दोष उघडा पडतो. कष्ट हेंच बळाचें मूळ, असें हे लेख न सांगतां सांगत असतात. तसें असतें तर बीड जिल्हा विजेत्यांनीं भरून वाहिला असता. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यांतील लाखों माणसें कोयता घेऊन कारखान्यांच्या मुलखांत जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडतात. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडींत चढवितात. (येथें ‘उचल’ म्हणजे वजन उचलणें नव्हे, मुकादमाकडून आगाऊ घेतलेले पैसे, तेंही एक ओझेंच.) कोणत्याही व्यायामशाळेंत होणार नाहीं इतकें वजन ह्या बायकापुरुषांच्या अंगावरून एका हंगामांत जातें. तरी त्यांचें शरीर घडत नाहीं, झिजतें. कारण मोळीचें वजन माणसाच्या शक्तीप्रमाणें ठरत नाहीं, विश्रांति शरीराच्या मागणीप्रमाणें मिळत नाहीं, आणि अन्न त्या श्रमाला पुरत नाहीं. ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्याकरितां सरकारास २०१९ सालीं याच जिल्ह्यासाठीं समिति नेमावी लागली. श्रमानें देह कणखर होतो असें लिहिणारांनीं ही गोष्ट विसरूं नये. श्रम आणि तयारी यांत फरक आहे तो मापाचा आणि विसाव्याचा. शरीर श्रम करतांना घडत नाहीं. श्रमानंतरच्या झोंपेंत आणि जेवणांत घडतें. साबळ्यांना पलटणींत जें पहिल्याप्रथम मिळालें त्यांत पोटभर व वेळेवरचें अन्न होतें, हें कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाहीं, कारण त्यांत काव्य नाहीं.

दुसरे गृहस्थ राहुल आवारे, पाटोदा तालुक्यांतले. वडीलही कुस्तीगीर. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमींत हरिश्चंद्र बिराजदार यांच्या हाताखालीं ते वाढले आणि २०११ सालीं वस्ताद निवर्तल्यावर काका पवार यांच्याकडे शिकले. २०१८ सालीं गोल्ड कोस्ट येथें राष्ट्रकुल सुवर्ण, २०१९ सालीं जागतिक स्पर्धेंत कांस्य. येथें तयारीची परंपरा घरचीच होती. चांगला वस्ताद पोराच्या जोरबैठका हळूहळू वाढवितो, त्याची भूक व झोंप पाहतो, डोळ्यांत सुस्ती दिसली तर हौदांत उतरूं देत नाहीं. ग्रीकांच्या मिलो मल्लाची जी कथा सांगतात, कीं तो वासरूं रोज खांद्यावर घेई व वासराचा बैल झाला तरी उचलीत राहिला, तिचें मर्म आपल्या तालमींना ठाऊक होतें. त्या कथेंत एकच उणें आहे: बैल वाढतच राहतो, मिलो कोठें तरी थांबणार. म्हणून आजचा शिक्षक वर्षाचे भाग पाडतो, भार कांहीं आठवडे चढवितो व मग मुद्दाम उतरवितो. शिवाय मातीवरची कुस्ती गेली आणि मॅट आली. तीन तीन मिनिटांचे दोन डाव, मध्यें अवघी तीस सेकंदांची उसंत. हजार बैठकांनीं जो दमसांस येतो तो या सहा मिनिटांच्या स्फोटाला पुरा पडत नाहीं. हें स्थित्यंतर आवारे यांच्या शरीरानें कसें पचविलें, हा केवढा मनोरंजक विषय! पण लेख पाहावेत तर ते गुरुभक्तीपाशीं येऊन थांबतात.

मराठींत या विषयाचें शास्त्रीय वाङ्मय मुळींच नव्हतें असेंही नाहीं. बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनीं संपादिलेला ‘व्यायामज्ञानकोश’ १९३६ ते १९४९ या काळांत दहा खंडांत पुरा झाला. कोणत्याही भाषेनें अभिमान धरावा असा तो उद्योग आहे. परंतु ज्ञानकोशाचा स्वभाव प्रकार सांगण्याचा असतो. अमुक एका मल्लाचें अमुक वर्ष कसें गेलें, कोणत्या महिन्यांत त्याचा खांदा दुखावला, तेव्हां वस्तादानें काय बदललें, ही नोंद चरित्रकारानें करावयाची, आणि तेथेंच आम्ही उणे पडलों. खाशाबा जाधवांचेंच पहा. १९५२ च्या हेलसिंकीसाठीं प्राचार्य खर्डेकरांनीं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले, ही गोष्ट शाळकरी पोरही सांगेल. पण १९४८ च्या लंडन ऑलिंपिकपूर्वीं रीस गार्डनर नांवाच्या अमेरिकन शिक्षकानें त्यांस मॅटवरची कुस्ती शिकविली, हें किती सुशिक्षितांस माहीत आहे? खर्डेकरांचें ऋण थोर खरेंच. गार्डनरचेंही कांहीं असेल कीं नाहीं?

साबळ्यांच्या कथेंत तर असा एक प्रसंग आहे कीं जो कादंबरीकारानें सोडला नसता. निकोलाय स्नेसारेव्ह या बेलारूसच्या नामांकित शिक्षकाकडे ते शिकत होते. ती पद्धत त्यांस मानवली नाहीं, आणि २०१८ सालीं ते पुन्हां अमरीश कुमार यांच्याकडे गेले. शिक्षक अनुभवी, शिष्य कसदार, तरी मात्रा लागू पडली नाहीं. यांत दोघांचाही कमीपणा नाहीं. एकाला पथ्य तें दुसऱ्याला कुपथ्य, हें वैद्य जाणतो तसें शिक्षकालाही जाणावें लागतें. पुढें ते स्कॉट सिमन्स यांच्याकडे अमेरिकेंत कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथें, समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० मीटर उंचीवर, सराव करूं लागले. या तीन शिक्षकांनीं एकाच शरीरावर काय काय वेगळें केलें याची तुलना कोणी करील काय?

हा केवळ वाङ्मयीन रुचीचा प्रश्न असता तर आम्ही इतकी शाई खर्चिली नसती. आमच्या हातांखालून दरसाल विद्यार्थ्यांच्या निबंधांचे गठ्ठे जातात. त्यांत साबळे येतात ते नेहमीं अनवाणी. हींच मुलें पहांटे चार वाजतां डांबरी सडकेवर भरतीच्या १६०० मीटरांसाठीं धांवतात, कित्येक जण उपाशीं, रोज सारख्याच वेगानें, नडगी ठणकत असतांही. दुखणें सोसणें हाच पराक्रम, असें त्यांनीं आमच्याच लेखांतून वाचलेलें असतें. नडगीच्या हाडाला भेग पडेपर्यंत मुलगा थांबत नाहीं; मग भरतीही जाते आणि शेतांतलें कामही. ज्या पानावर शाळेच्या वाटेचें वर्णन छापलें, त्याच पानावर आठवड्यांतून दोन दिवस पायांना विश्रांति द्यावी, वेग एकदम वाढवूं नये, मांड्यांची व पोटऱ्यांची मेहनत निराळी करावी, येवढ्या चार ओळी छापण्यास कागद कमी पडला नसता.

जुलै २०२५ मध्यें मोनॅको येथील शर्यतींत पाण्याच्या खड्ड्यापाशीं साबळ्यांचा गुडघा दुखावला. अस्थिबंध व कूर्चा या दोहोंना इजा झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. वर्तमानपत्रांनीं बातमी दिली व तीं पुढच्या बातमीकडे वळलीं. वस्तुतः तयारीचा सर्वांत अवघड भाग अशा वेळींच सुरू होतो: आधीं गुडघा पुरता सरळ करणें, मग त्यावर उभें राहणें, मग एका पायाचें बळ दुसऱ्याशीं ताडून पाहणें, आणि तें जुळेपर्यंत धांवण्याची घाई रोखून धरणें. त्या महिन्यांत रोज काय केलें, किती वजन घेतलें, कोणत्या दिवशीं प्रथम त्या पायावर उडी मारली, याची वही कोणीतरी ठेविली असेल. ती वही मराठींत यावी, अशी आमची इच्छा आहे.