मूळ शब्द आणि वाचकाची भाषा

पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषा शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. १९२२ साली त्यांचे निधन झाले. केडगावच्या मुक्ती मिशनचा हा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. संस्कृतच्या पंडिता असूनही त्यांनी अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा निवडली. त्यांच्या श्रद्धेशी आमचा मतभेद असला, तरी या निष्ठेचे मोल आम्ही मानतो.

परंतु सोपेपणाने सर्व प्रश्न सुटत नाहीत. ग्रीक ‘न्यूमा’ म्हणजे वारा, श्वास आणि चैतन्यही. प्रचलित मराठी बायबलांत त्यासाठी ‘आत्मा’ येतो, आणि त्याबरोबर उपनिषदांचा अर्थही न बोलावता आत शिरतो.

हाच धोका आमच्या ग्रंथांनाही आहे. पालि ‘कम्म’चे ‘कर्म’ होताच कारंजा (घाडगे) सारख्या गावातील उपासकाला पूर्वजन्मीचे प्रारब्ध आठवते. तो अर्थ बुद्धाचा नव्हे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे. ‘विञ्ञाण’चे ‘विज्ञान’ केले, तर प्रयोगशाळाच डोळ्यांपुढे उभी राहते.

म्हणून अशा ठिकाणी पालि शब्द कायम ठेवून त्याचा अर्थ साध्या मराठीत सांगावा, असे आमचे मत आहे. मात्र रमाबाईंनी मूळ भाषांसाठी घेतले तेवढे कष्ट पालिसाठी घेतल्यावाचून हा अधिकार आम्हांस पोहोचत नाही.