सात आण्यांची बाग

आमच्या कुंभार पिंपळगावात बाग म्हणजे मोसंबीची. तिच्यात फिरायला कोणी जात नाही. पाणी द्यायला जातात, आणि भाव पडला की शिव्या द्यायला. त्यामुळे बाग 'पाहायची' असली की औरंगाबाद, म्हणजे २०२३ पासूनचे छत्रपती संभाजीनगर, गाठावे लागते. तिथे तटाबाहेर, बेगमपुऱ्याच्या अंगाला बीबी का मकबरा आहे. पाहुणे आले की त्यांना तो दाखवणे हे माझे काम. पाहुणा दरवाजातून आत शिरतो, कमरेवर हात ठेवतो आणि निकाल देतो, "छे! ताजमहालाची सर नाही."

या निकालावर माझे अपील आहे. मी समीक्षक नव्हे, बँकेतला कारकून. पण अपिलाला पदवी लागत नाही.

आधी पैशाचे पाहू. या कामाला ६,६८,२०३ रुपये ७ आणे खर्च आला असे इतिहासात नोंदले आहे. औरंगजेबाने मंजूर केले होते सात लाख. म्हणजे शिल्लक ३१,७९६ रुपये ९ आणे! सरकारी काम मंजुरीच्या आत संपल्याचे उदाहरण तुम्हीच शोधा. तिकडे ताजला तीन कोटींच्या वर लागले म्हणतात. इथे खाली कमरेपर्यंत आणि वर घुमटाला संगमरवर, मध्ये काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत गिलावा. लोक याला कंजुषी म्हणतात, आम्ही अंदाजपत्रक म्हणतो. आणि ते सात आणे ज्याने खर्ची टाकले, त्या अनामिक कारकुनाला माझा दंडवत. ते टाकल्याशिवाय त्याला घरी जाता आले नसणार.

आता बाग. अठराव्या शतकात साहेबाच्या देशात 'रोमँटिक' बागांची टूम निघाली. वाकड्या वाटा, मुद्दाम वाढवलेले रान, आणि कोपऱ्यात नवीनच बांधलेले पडके देऊळ! आमच्याकडे पडझड फुकट मिळते, ती हौसेने बांधत नाहीत. मकबऱ्याची बाग त्याच्या उलट. मधोमध पाण्याचा पाट, बाजूने सरळ वाटा, चौरस वाफे; डावीकडे जे, तेच उजवीकडे. थोडक्यात, ताळेबंद. पुढे निजामाच्या अमदानीत पश्चिमेला मशीद उभी राहिली आणि एका बाजूची बेरीज जराशी वाढली, एवढेच.

दोष नाही असे नाही. इतक्या सरळपणात नजरेला विसावा नाही. ती पाटावरून घसरत थेट घुमटावर जाऊन आपटते, आणि बाग बिचारी दोन्ही बाजूंना तशीच राहते. जोडप्यांना आडोसा नाही हा आणखी एक दोष. तरी ती येतात, म्हणजे रोमान्स वाकड्या वाटेवर अवलंबून नसावा.

"लेकाने आईसाठी बांधले" हे मात्र सगळे सांगतात. दिलरस बानू १६५७ साली गेली. मुलगा आझमशाह तेव्हा चार वर्षांचा, आणि काम १६६१ च्या सुमारास पुरे झाले. बँकेच्या भाषेत अज्ञान खातेदार. सही पालनकर्त्या वडिलांची. हा मुद्दा मी पाहुण्यांपुढे मोठ्या ऐटीत मांडत असे.

मग एकदा आईला नेले. आम्ही तिला बाई म्हणतो. "मला बी दाव की" असे ती नऊ वर्षे म्हणत होती आणि मी रजेचा हिशेब सांगत होतो. नेले तेव्हा तिचे गुडघे गेले होते. चौथऱ्याच्या पायऱ्या चढणे शक्यच नव्हते. ती झाडाखाली कठड्यावर बसली, आणि माझ्या माहितीत ती बाग पाहणारी एकमेव व्यक्ती ठरली. तासभर तिने पाट, वाफे, माळ्याचे आळे पाहिले. मी अज्ञान खातेदाराचा मुद्दा सांगितला. ती हसली नाही.

"चार वर्साचं लेकरू," ती म्हणाली. "त्याला मायचं तोंड तरी याद असंल का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. अपिलाचे सगळे कागद मी मनातल्या मनात मिटले.

दरवाजातून बाहेर पडताना बाईंनी विचारले, "तिकिटाचे किती झाले?"

मी सांगितले.

"आन् सुटे वापस घेतले का?"

घेतले नव्हते.