निरर्थक पुलाचे रक्षण : 'डी ब्र्यूके' या युद्धपटाची चिकित्सा

प्रस्तावना :
युद्धपटांमध्ये पूल ही केवळ वास्तू नसते. तो जिंकण्याचा किंवा राखण्याचा हेतू असतो. ७ मार्च १९४५ रोजी अमेरिकन सैन्याने ऱ्हाइन नदीवरील रेमागेनचा पूल ताब्यात घेतला. या घटनेवरील १९६९ च्या चित्रपटात पुलाचे सामरिक मोल गृहीतच धरलेले आहे. त्याच्या दहा वर्षे आधी, १९५९ मध्ये, पश्चिम जर्मनीत बर्नहार्ट विकी यांनी दिग्दर्शित केलेला 'डी ब्र्यूके' (अर्थात 'पूल') मात्र या गृहीतकालाच छेद देतो. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील निरर्थकतेच्या मांडणीचा आणि तिच्या मर्यादांचा विचार केला आहे.

कथानक व मांडणी :
मानफ्रेड ग्रेगोर यांच्या १९५८ मधील कादंबरीवर हा कृष्णधवल चित्रपट आधारलेला आहे. एप्रिल १९४५ मध्ये एका लहान जर्मन गावातील सात शाळकरी मुलांना सैन्यात बोलावले जाते. त्यांचे शिक्षक लष्करी अधिकाऱ्याला भेटून मुलांना वाचवण्याची विनंती करतात. अधिकारी मुलांना आघाडीवर न पाठवता गावातल्याच पुलावर नेमतो. कारण तो पूल आपलेच सैन्य लवकरच उडवून देणार, हे त्याला ठाऊक असते. मुलांना मात्र याची कल्पना नसते. त्यांच्यासोबतचा अनुभवी सैनिक गावात गेला असता पळपुटा समजून मारला जातो आणि मुले एकटी पडतात. अशा रीतीने दयेपोटी घेतलेला निर्णयच त्यांच्या मृत्यूचे कारण ठरतो.

आधी जमिनीवर आडवा झाल्याबद्दल ज्याची थट्टा झाली होती, तो सर्वांत लहान मुलगा विमानाचा हल्ला होताना उभाच राहतो आणि मरतो. मुलांशी लढण्याची इच्छा नसलेला एक अमेरिकन सैनिक त्यांना माघारी जाण्यास सांगतो. त्याच्याही वाट्याला यातनामय मृत्यू येतो. विकी येथे शौर्याला कोठेही उदात्त रूप देत नाहीत. अखेरीस पूल उडवण्यासाठी आलेल्या जर्मन तुकडीशीच मुलांचा संघर्ष होतो. सातांपैकी एकच जिवंत राहतो. ही घटना युद्धवार्तेत नोंदवण्याइतकीही महत्त्वाची नव्हती, असे शेवटची पाटी सांगते.

मर्यादा :
चित्रपटातील जर्मन माणसे प्रामुख्याने बळी म्हणून दिसतात. ज्यू समाजाचा संहार व व्यापलेल्या प्रदेशांतील अत्याचार यांचा येथे मागमूस नाही. स्थानिक नाझी पुढारी भेकड बाप म्हणून रंगवला जातो. त्यामुळे व्यवस्थेचा दोष एका व्यक्तीच्या स्वभावावर ढकलला जाण्याचा धोका संभवतो. १९३९ मध्ये स्वतः छळछावणीत काही महिने काढलेल्या दिग्दर्शकाच्या बाबतीत हे मौन अधिकच जाणवते. तथापि, पश्चिम जर्मनीने १९५५ मध्ये पुन्हा सैन्य उभारले व १९५६ मध्ये सक्तीची भरती सुरू केली, हे लक्षात घेता त्या काळातील तरुण प्रेक्षकांना थेट उद्देशून केलेले हे विधान होते, असे म्हणता येते.

निष्कर्ष :
अध्यापकांच्या दृष्टीने या चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे पात्र शिक्षकाचे आहे. तो सज्जन आहे, विद्यार्थ्यांवर त्याचे प्रेम आहे. परंतु वर्गात पितृभूमी व त्याग यांविषयी जे आदर्श रुजवले गेले, त्यांचीच किंमत मुले पुलावर चुकवतात. विनंती करण्यास तो निघतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. शिकवलेला शब्द विद्यार्थी कोणत्या पुलावर घेऊन उभा राहील, हे शिक्षकाच्या हाती नसते. म्हणूनच तो उच्चारण्यापूर्वीची जबाबदारी त्याचीच ठरते. रेमागेनचा पूल सामरिकदृष्ट्या मोलाचा होता, तरीही ताब्यात आल्यानंतर दहाच दिवसांत तो कोसळला. 'डी ब्र्यूके'मधील पुलाला असे कोणतेच मोल नव्हते. पुलाचे महत्त्व ठरवणारे आणि पुलावर मरणारे क्वचितच एक असतात, हे सत्य मात्र दोन्हीकडे समान आहे.