वासुदेव गायतोंडे : शैलीपरिवर्तन आणि चित्रसाधने

वासुदेव संतू गायतोंडे हे नाव मराठी वाचकाला आज अपरिचित नाही. ‘चिन्ह’ने त्यांच्यावर केलेले सातत्यपूर्ण काम आणि २०१६ साली सतीश नाईक यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेला ‘गायतोंडे’ हा ग्रंथ यांचा त्यात मोठा वाटा आहे. तथापि सर्वसाधारण वाचकाचा हा परिचय चित्रांचा कमी आणि आख्यायिकेचा अधिक आहे, असे खेदाने म्हणावे लागते. दिल्लीतील निजामुद्दीनचे एकाकी वास्तव्य, मोजके बोलणे, वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा चित्रे, झेन विचाराचे आणि निसर्गदत्त महाराजांचे आकर्षण या तपशिलांतून ‘चित्रकलेतील योगी’ ही प्रतिमा दृढ झाली. हे तपशील खोटे नाहीत. परंतु कॅनव्हासवर शांतता दिसते ती चित्रकार अंतर्मुख होता म्हणून, असे एकदा ठरवून टाकले की समीक्षेला करण्यासारखे काही शिल्लक राहत नाही. अंतर्मुख माणसे पुष्कळ असतात. त्यांतील फारच थोड्यांना असा पृष्ठभाग साधतो. गायतोंडे यांच्या शैलीतील प्रमुख वळणे ही मुख्यतः रंग लावण्याच्या आणि काढण्याच्या साधनांतील बदलांशी निगडित आहेत, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

गायतोंडे यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२४ रोजी नागपूर येथे झाला. आईवडील मूळचे गोव्याचे. मुंबईतील दिवस गिरगावातील चाळीतले. १९४८ साली त्यांनी सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका प्राप्त केली. त्या काळी जे. जे. मध्ये पाश्चात्त्य वास्तववादी रेखाटनाच्या शिस्तीबरोबरच जगन्नाथ अहिवासी यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय शैलीचेही अध्यापन होत असे. गायतोंडे यांची आरंभीची चित्रे या दुसऱ्या परंपरेचे ऋण उघडपणे मिरवतात. लघुचित्रे आणि जैन पोथीचित्रे यांतील सपाट रंगक्षेत्रे, छायाप्रकाशाचा अभाव आणि आकृतीला बंदिस्त करणारी रेषा ही या चित्रांची वैशिष्ट्ये होत. पुढे १९५० च्या सुमारास ते प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये सामील झाले. पण सूझा किंवा हुसेन यांच्या आवेशपूर्ण आकृतींशी त्यांचे नाते कधी जुळले नाही. त्यांना जवळचा वाटला तो पॉल क्ले. क्लेच्या चित्रांत रेषा वस्तूचे वर्णन करण्याचे ओझे टाकून स्वतःच्या गतीने चालू लागते. पन्नाशीच्या दशकातील गायतोंडे यांच्या चित्रांत माणूस, पक्षी, घर हे सारे हळूहळू चिन्हांच्या पातळीवर येते, त्याचे एक कारण येथे सापडते. मात्र या टप्प्यापर्यंत त्यांच्या हातात कुंचलाच होता, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. कुंचला रेषा काढतो, आणि रेषा निघाली की तिच्या आतील आकार व बाहेरील पार्श्वभूमी असा भेद अटळ ठरतो.

हा भेद मोडण्यासाठी त्यांना साधन बदलावे लागले. वॉर्डन रोडवरील भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटमधील त्यांचा काळ या दृष्टीने निर्णायक होता. एकाच वास्तूत चित्रकारांचे स्टुडिओ, अल्काझींचे नाट्यप्रयोग आणि रविशंकर यांचे संगीतशिक्षण चालावे, असे वातावरण मुंबईला पुन्हा लाभलेले नाही. समोर समुद्र होता. या समुद्राचा त्यांच्या चित्रांवरील परिणाम नेहमी सांगितला जातो आणि तो नाकारण्याचे कारण नाही. साठीच्या आरंभीच्या आडव्या चित्रांत क्षितिजाची जाणीव होतेच. पण पॅलेट नाइफ आणि रोलर यांनी चित्रात जे घडवले ते समुद्राइतकेच महत्त्वाचे आहे. रोलर फिरवला की रंग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत अखंड पसरतो. त्यात ‘आत’ आणि ‘बाहेर’ उरत नाही. नंतर नाइफने तो खरवडला की खालचा थर वर येतो. म्हणजे प्रकाश हा वरून पांढरा रंग लावून आणलेला नसून वरचा रंग काढून मिळवलेला असतो. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहातील ‘पेंटिंग, ४’ (१९६२) हे याच काळातील चित्र होय.

हा कालक्रम एका प्रचलित गैरसमजाच्या निरसनासाठीही उपयुक्त आहे. १९६४ साली रॉकफेलर फंडाची शिष्यवृत्ती मिळून गायतोंडे न्यूयॉर्कला गेले. तेथे त्यांनी अमेरिकन अमूर्त चित्रकला, विशेषतः मार्क रॉथको पाहिला आणि त्यातून त्यांची शैली सिद्ध झाली, असे विधान अनेकदा केले जाते. परंतु आकृतीचा त्याग आणि थरांची पद्धत या दोन्ही गोष्टी त्यापूर्वीच घडून गेल्या होत्या. शिवाय पद्धतीतही अंतर आहे. रॉथकोचा रंग पातळ थरांनी कॅनव्हासमध्ये मुरतो. गायतोंडे यांचा रंग पृष्ठभागावर साचतो, फाटतो, उकलतो. न्यूयॉर्कने त्यांना आत्मविश्वास दिला असेल, शैली मात्र दिली नाही. (आपल्या चित्रकारांचे मोठेपण सिद्ध करण्यासाठी पाश्चात्त्य नावाचा टेकू शोधण्याची आपली सवय अद्याप सुटलेली नाही, हेही येथे नमूद करावेसे वाटते.)

साठच्या दशकाच्या अखेरीस कॅनव्हास आडव्याचा उभा झाला. क्षितिज गेले आणि पाहणाऱ्याच्या देहासमोर उभी राहणारी एक उंच पाटी आली. १९७१ साली पद्मश्री, १९७२ साली दिल्लीला स्थलांतर या चरित्रातील घटना. चित्रातील घटना म्हणजे कागद. वर्तमानपत्राचे वा मासिकाचे तुकडे रंगावर दाबायचे आणि उचलायचे, या क्रियेतून उमटणारे आकार हाताने काढलेले नसतात, तरीही ते योगायोगाने आलेले नसतात. कोणता तुकडा कोठे ठेवायचा, रंग किती ओला असताना उचलायचा, हा निर्णय चित्रकाराचाच. सत्तरीच्या दशकातील उत्कृष्ट चित्रांत हे आकार लिपीसारखे भासतात, पण वाचता येत नाहीत. काही चित्रांत मात्र ते अलंकरणाच्या जवळ जातात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. गायतोंडे यांचे प्रत्येक चित्र सारख्याच तोलाचे मानणे हा त्यांच्याबद्दलचा आदर नव्हे. स्वतः गायतोंडे आपल्या चित्रांना ‘अमूर्त’ म्हणणे टाळत व ‘वस्तुनिरपेक्ष’ म्हणत. वरील प्रक्रिया पाहता ही संज्ञा काटेकोर ठरते. येथे कोणत्याही वस्तूचे सार काढलेले नाही. जे आहे ते रंगद्रव्याच्या वर्तनातून आले आहे.

अडचण अशी की हे सारे छपाईत दिसत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कला वा साहित्य शिकणारा विद्यार्थी गायतोंडे पाहतो ते पुस्तकातील तळहाताएवढ्या प्रतिकृतीत. तेथे थर सपाट होतात, खरवडलेल्या कडा पुसल्या जातात आणि उरतो तो एक धूसर पिवळा वा हिरवट चौकोन. त्या चौकोनाला अर्थ देण्यासाठी मग योग्याची आख्यायिका मदतीला येते. २०१३ साली मुंबईतील लिलावात त्यांच्या १९७९ च्या चित्राला २३.७ कोटी रुपये मिळाल्यानंतर तिला किमतीच्या आख्यायिकेची जोड मिळाली. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने संधिनी पोद्दार यांच्या संयोजनाखाली भरवलेल्या प्रदर्शनाच्या शीर्षकातच ‘प्रक्रिया’ हा शब्द होता, हे म्हणूनच अर्थपूर्ण वाटते. ज्ञानेश्वर नाडकर्णी यांनी ललित कला अकादमीसाठी १९८३ सालीच त्यांच्यावर पुस्तिका लिहिली होती; मराठीतील चर्चा त्या वाटेने फारशी पुढे गेली नाही.

१९८४ साली झालेल्या अपघाताने हा सर्व व्यवहार थांबला. मोठ्या कॅनव्हासवर रोलर फिरवणे, वाकणे, खरवडणे यांसाठी लागणारे शरीर काही वर्षे त्यांच्याजवळ नव्हते. या काळात त्यांनी कागदावर शाईने लहान रेखाचित्रे केली. समीक्षकांनी त्यांची दखल पूरक काम म्हणून घेतली. आमच्या मते त्यांचे महत्त्व अधिक आहे. तीस वर्षांपूर्वी सोडलेली रेषा येथे परत आली, पण ती आता कशालाही बंदिस्त करीत नव्हती. एका बाजूने काळा फटकारा आणि दुसऱ्या बाजूने कोरा कागद, यांपैकी आकार कोणता आणि पार्श्वभूमी कोणती हे सांगता येत नाही. जे रोलर आणि नाइफने साधले होते ते आता शाईच्या एका ओढीत साधले गेले. पुढे ते पुन्हा तैलरंगांकडे वळले आणि १० ऑगस्ट २००१ रोजी निधन होण्यापूर्वीच्या दशकात त्यांनी मोजकीच चित्रे केली. त्यांपैकी काहींमध्ये रंगाच्या थरांखालून वर येणाऱ्या खुणा कागदाच्या ठशांपेक्षा या शाईच्या फटकाऱ्यांना अधिक जवळच्या आहेत.